शाळेतले नवे शब्द

(सायंकाळच्या साक्षरता वर्गात दिलेले भाषण)



मागच्या आठवड्यात आपल्या वर्गातल्या एका बाईंनी आम्हाला एक कागद दाखवला. कागद मुलाच्या शाळेतून आला होता. खाली ‘पालकाची सही’ असे छापलेले होते. बाईंना सही करता येते. तीन महिन्यांपूर्वी येत नव्हती, आता येते. पण त्यांनी ती केली नव्हती. त्या म्हणाल्या, “गुरुजी, अक्षरं लागतात, पण शब्द कळत नाहीत. न कळता सही कशी करू?”

बाईंचे बरोबर होते. त्या कागदावरचे शब्द असे होते : विशेष गरजा असलेला विद्यार्थी. समावेशित शिक्षण. वैयक्तिक शिक्षण आराखडा. विशेष शिक्षक. खरे सांगायचे तर, आम्ही मॅट्रिक होऊन मास्तरकी धरली तेव्हा यांतला एकही शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. आमच्या शाळेत तेव्हा दोनच शब्द चालत. हुशार आणि ढ.

त्या दोन शब्दांपायी आमच्या हातून काय घडले, ते आधी ऐका.

१९८७ साल होते. आमच्याकडे चौथीचा वर्ग होता. मळ्यात सालाने राहिलेल्या एका गड्याचा मुलगा वर्गात होता. शुद्धलेखन घातले की तो निम्मे शब्द गाळी. हाक मारली तर वर बघत नसे. बाकीच्या मुलांनी वह्या काढल्या की त्यांचे बघून मग हा वही काढी. आम्ही त्याला मागच्या रांगेत बसवले. प्रगतिपुस्तकावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा लिहिला. हातावर पट्टीही मारली. त्याचा कान वाहत असे आणि कानात कापसाचा बोळा असे. तो बोळा आम्ही रोज बघत होतो. पण त्यातून आम्हाला काही सुचले नाही. पाचवीत त्याची शाळा सुटली.

पुढे वीसेक वर्षांनी तो आम्हाला बाजार समितीच्या आवारात भेटला. कांद्याच्या गोण्या उचलत होता. आम्हाला ओळखून पाया पडला. आम्ही बोलू लागलो तर तो आमच्या तोंडाकडे एकटक बघत होता. ओठ वाचत होता. मग म्हणाला, “गुरुजी, तुम्ही फळ्याकडं तोंड करून बोलायचा. मला काय बी कळायचं नाही.” रागाने म्हणाला नाही, सहज म्हणाला. आम्ही त्याला चहा पाजला. दुसरे काय करणार होतो?

त्या वेळी ‘याला ऐकू कमी येते’ एवढे चार शब्द कोणी म्हटले असते, तर कोणी तरी त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेले असते. नुसते ‘ढ’ म्हटल्यावर त्याला नेणार कुठे? म्हणून म्हणतो, हे नवे शब्द जड वाटले तरी समजून घ्या. त्यांतला प्रत्येक शब्द कुणाकडे जायचे ते सांगतो.

आता ‘विशेष गरजा असलेले मूल’ म्हणजे काय? वेडे मूल नव्हे, बरं का. ज्या मुलाला शिकण्यासाठी इतरांपेक्षा काही जादा मदत लागते, ते मूल. कुणाला ऐकायला कमी येते. कुणाला चष्मा लावूनही फळा नीट दिसत नाही, त्याला अल्पदृष्टी म्हणतात. कुणाचे हातपाय आखडतात, तो सेरेब्रल पाल्सीचा त्रास असू शकतो. कुणी मूल चार जणांत मिसळत नाही, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करते, ते स्वमग्न असू शकते. आणि एखादे मूल बोलण्यात चलाख असते, हिशेब तोंडी करते, पण वाचायला दिले की अडते. अक्षर आणि त्याचा आवाज यांची जोडी त्याला लवकर जुळत नाही. याला अध्ययन अक्षमता म्हणतात. अशी किती मुले आम्ही आळशी ठरवली असतील, याचा हिशेब आता लागायचा नाही.

१९९५ च्या कायद्यात दिव्यांगतेचे ७ प्रकार होते. २०१६ साली नवा कायदा झाला, त्यात २१ आहेत. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, शिवाय सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे रक्ताचे आजार त्यात आले. पूर्वी ज्याला मतिमंद म्हणत, त्याला आता बौद्धिक दिव्यांगता म्हणतात. जुना शब्द तुम्हीही टाकून द्या. मुलाला तो लागतो.

‘समावेशित शिक्षण’ म्हणजे अशा मुलाने गावच्याच शाळेत, भावंडांबरोबर, शेजारच्या पोरांबरोबर बसून शिकायचे आणि त्यासाठी शाळेने आपली पद्धत बदलायची. पायऱ्यांशेजारी उतार बांधायचा, मोठ्या अक्षरांची पुस्तके आणायची, मुलाला पुढे बसवायचे. ‘आमच्याकडे सोय नाही, दुसरी शाळा बघा’ असे सांगून सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळेला दार लावता येत नाही. विशेष शाळाही आहेत. ज्या मुलाची दिव्यांगता ४० टक्के किंवा जास्त आहे, त्याला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा हवी तर विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे.

या टक्क्यांचा घोटाळा फार होतो. एका बापाने आम्हाला सांगितले, “डॉक्टरांनी ४५ टक्के दिले. पास झाला की!” आम्हाला हसू आले, पण त्याची चूक नव्हती. शाळेत टक्के म्हणजे गुणच असतात. दाखल्यावरचे टक्के हे अडचणीचे माप आहे. मूल किती शिकेल, ते त्यावरून कळत नाही. हा दाखला डॉक्टर देतात, मास्तर देत नाहीत. आता त्यासाठी संगणकावरून अर्ज करावा लागतो, मग सरकारी दवाखान्यात तपासणी होते आणि पुढे ‘यूडीआयडी’ नावाचे कार्ड मिळते. त्याला फी नाही. कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

शाळेत ‘तपासणी’ आणि ‘निदान’ असे दोन शब्द कानांवर येतील. मास्तर किंवा शाळेत येणारे आरोग्य पथक प्राथमिक तपासणी करते. त्यात नुसती शंका कळते. निदान नंतर, तज्ज्ञाकडून. शंकेवरून मुलाला नाव ठेवू देऊ नका, आणि शंका आली म्हणून घाबरून कागद लपवूनही ठेवू नका. आम्ही दोन्ही प्रकार पाहिले आहेत.

आता माणसांकडे येऊ. वर्गशिक्षक रोज मुलासमोर असतात, म्हणून पहिली जबाबदारी त्यांची. विशेष शिक्षक हे अशा मुलांना शिकवण्याचे वेगळे शिक्षण घेतलेले असतात. भारतीय पुनर्वास परिषद म्हणून एक संस्था आहे, १९९२ च्या कायद्याची. तिच्याकडे त्यांची नोंदणी असते. आपल्याकडे एकाच विशेष शिक्षकाला पुष्कळ शाळा फिराव्या लागतात. त्यामुळे ते रोज भेटत नाहीत. कोणत्या वारी येतात ते विचारून ठेवा. बोलणे सुधारणारे वाचा-उपचारतज्ज्ञ वेगळे, हातापायांचे व्यायाम घेणारे फिजिओथेरपिस्ट वेगळे, ऐकण्याचे माप घेणारे श्रवणतज्ज्ञ वेगळे. हे बहुधा तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या दवाखान्यात असतात. मुख्याध्यापकांचे काम या सगळ्यांची गाठ घालण्याचे. ते करत नसतील तर शाळा व्यवस्थापन समितीत बोला. त्या समितीत शंभरातले ७५ जण पालक असावे लागतात, म्हणजे ती तुमचीच आहे. मुख्याध्यापक असताना आम्हाला हे ऐकायला आवडले नसते, ती गोष्ट निराळी!

या मंडळींत आई-बाप कुठे बसतात? पुष्कळांना वाटते, दाराशी. पण आपल्या मुंबईत या कामाची सुरुवात आई-बापांनीच केली. १९४४ साली जय वकील शाळा निघाली, ती वकील नावाच्या पारशी जोडप्याने आपल्या मुलीसाठी काढली. १९७२ साली मिठू अलूर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी संस्था काढली. त्यांच्या स्वतःच्या मुलीला तो त्रास होता. पदव्या घेतलेले लोक पुढे पुष्कळ आले.

आता त्या बाईंच्या कागदाकडे वळू. ‘वैयक्तिक शिक्षण आराखडा’ म्हणजे एका मुलासाठी केलेला बेत. आज त्याला काय येते, पुढच्या काही महिन्यांत काय यावे, ते कोण शिकवणार, आणि आले की नाही ते कधी बघणार, एवढे त्यात असते. बाईंचा मुलगा दुसरीत आहे. त्यालाही कमी ऐकू येते. (हे कळले तेव्हा आम्हाला कोण आठवले, ते सांगायला नको.) आराखड्यात लिहिले होते, ‘विद्यार्थी श्रवणयंत्राच्या साहाय्याने तोंडी सूचना ऐकून कृती करील.’

आम्ही ते वाचून दाखवले. बाई म्हणाल्या, “यंत्र? ते तर ट्रंकेत आहे.”

म्हणजे बघा. वर्गशिक्षकांनी बेत केला, विशेष शिक्षकांनी तपासला, मुख्याध्यापकांनी शिक्का मारला. आणि ज्या यंत्रावर सगळा बेत उभा, ते मुलाच्या कानात नाहीच! एकट्या आईला ते ठाऊक होते, आणि तिला कुणी विचारले नव्हते.

सोमवारी विशेष शिक्षिका येणार होत्या. बाई यंत्र घेऊन शाळेत गेल्या. आम्हीही गेलो, पण गप्प बसलो. बाई आधी चाचरल्या, मग नीट बोलल्या. यंत्र घातले की शिट्टी वाजते, पोरे हसतात, म्हणून मुलगा काढून टाकतो. बिघडले असेल आणि आपल्यावर भरपाई येईल, या भीतीने त्या बोलल्या नव्हत्या.

यंत्र बिघडलेले नव्हते. कानात बसवायचा जो साचा असतो, तो दोन वर्षांपूर्वीच्या मापाचा होता. मूल वाढते तसा त्याचा कानही वाढतो. साचा सैल झाला की यंत्राने मोठा केलेला आवाज फटीतून बाहेर येतो, पुन्हा यंत्रातच शिरतो आणि शिट्टी वाजते. उरुसात लाऊडस्पीकर ‘कुंईऽऽ’ करतो ना, तसेच. नवे माप देऊन नवा साचा करायचा, की झाले. रात्री यंत्र बंद करून कोरड्या डबीत ठेवायचे. पावसाळ्यात जास्त जपायचे.

मग आराखडा बदलला. नवा साचा कधीपर्यंत, त्याची तारीख घातली. मुलाला पुढच्या बाकावर जागा दिली. शिकवताना मुलांकडे तोंड करून बोलायचे, फळ्याकडे नाही, असेही त्यात लिहिले. तेवढे एक वाक्य आम्ही सुचवले. बाईंनी सगळा कागद वाचला, सावकाश, बोट ठेवून. दोन शब्द विचारले. मग सही केली आणि एक प्रत मागून घेतली.

एक राहिले. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना तासामागे २० मिनिटे जादा मिळतात आणि गरज असेल तर लेखनिक, म्हणजे उत्तर लिहून देणारा खालच्या वर्गातला विद्यार्थी, घेता येतो. पण त्याचे कागद शाळेमार्फत मुदतीत जावे लागतात. तुमचे मूल नववीत असेल तर आत्ताच चौकशी करा.

साचा अजून यायचा आहे. माप गुरुवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात घेणार आहेत. आपल्या वर्गातल्या आणखी दोघींच्या घरी शाळेचे असे कागद आलेत, असे आज कानांवर आले. उद्या ते घेऊन या. आपण धडा बाजूला ठेवू आणि तेच वाचू.