सर्व्हिस चालू, टपाल बंद



१ जानेवारी २०२२. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी जगभरातल्या अनेक कार्यालयांत ई-मेल तुंबली. मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजच्या २०१६ आणि २०१९ या आवृत्त्यांचे, लोकांनी आपापल्या जागेत बसवलेले हे सर्व्हर. कारण ऐकाल तर हसाल. मेलमधले व्हायरस तपासणाऱ्या इंजिनाचा आवृत्ती-क्रमांक तारखेवरून ठरत असे. त्या दिवशी तो झाला २२०१०१०००१. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी जागा ३२ बिटांची, त्यातला एक बिट अधिक-उणे चिन्हाचा, म्हणून तिथे २१४७४८३६४७ च्या पुढे काही मावत नाही. इंजिन सुरूच होईना, आणि तपासणीशिवाय मेल पुढे जाईना.

अशा वेळी ॲडमिन काय करतो? सर्व्हिसेसची यादी उघडतो. मेल पुढे पाठवणाऱ्या ट्रान्सपोर्ट सर्व्हिससमोर ‘रनिंग’ लिहिलेलं! तरी रिस्टार्ट करून बघतो. पुन्हा तोच क्रमांक, पुन्हा तीच अडचण. माणसाऐवजी तिथे एखादी स्क्रिप्ट बसवली असती, तर तिनं हेच रात्रभर केलं असतं, न कंटाळता. मायक्रोसॉफ्टनं जो उपाय दिला, त्यात नव्या इंजिनाचा क्रमांक होता २११२३३०००१. तारीख म्हणून वाचा: ३३ डिसेंबर २०२१! पंचांगाला विचारायची सोय नाही, पण मेल सुटली.

म्हणून मी म्हणतो, बंद पडलेली सर्व्हिस उठवणं हे सोपं काम. विंडोजमध्ये त्यासाठी ‘रिकव्हरी’ नावाचा टॅबच आहे. कठीण आहे ते ती काम करते आहे का, हे ओळखणं. त्यासाठी पहारा ठेवणाऱ्या प्रोग्रॅमनं स्वतः गिऱ्हाईक व्हावं: मेल स्वीकारणाऱ्या २५ नंबरच्या पोर्टवर जावं, २२० म्हणजे ‘तयार आहे’ हे उत्तर येतं का पाहावं, एक चाचणीची मेल टाकावी आणि ती पोचली का ते दुसऱ्या टोकाला बघावं. एक्स्चेंज २०१३ पासून त्यात असलेली ‘मॅनेज्ड अवेलेबिलिटी’ ही पहाऱ्याची यंत्रणा याच धर्तीवर चालते. प्रोब चाचणी घेतो, मॉनिटर निकाल ठरवतो, रिस्पॉन्डर हालचाल करतो. सर्व्हिस रिस्टार्ट करूनही भागलं नाही, तर शेवटी माणसाला हाक मारतो.

ही हाक मला फार मोलाची वाटते. लिनक्सवर सर्व्हिसेस सांभाळणारं सिस्टमडी, रिस्टार्ट करायला सांगितलं असेल तर, नेहमीच्या मर्यादेनुसार सर्व्हिस दहा सेकंदांत पाचदा सुरू करून बघतं, मग हात टेकतं. चांगलंच करतं. डिस्क भरली म्हणून एक्स्चेंज नवी मेल घेत नसेल, तर रिस्टार्टनं डिस्क रिकामी होणार आहे का? शिवाय घाई कशाला? मेलची ने-आण ठरवणाऱ्या एसएमटीपीच्या नियमानुसार पाठवणाऱ्या सर्व्हरनं किमान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहायला हवं. तासभर दार बंद राहिलं म्हणून पत्र हरवत नाही.

आता ती हाक पोचवायची कशी? कित्येक ठिकाणी इशारा मेलनं जातो, तोही त्याच अडलेल्या सर्व्हरमधून. एसएमएस ठेवा, फोन ठेवा, आणि तो रात्री दोनला कोण उचलणार, त्याचं नाव आधी लिहून ठेवा.