परधर्मीयाची वाखाणणी आणि यहुदी शास्त्र



कुलाब्याकडच्या मंडळींस 'शनिवार तेली' हे नाव ठाऊक आहे. कोकणातले बेने इस्राएल ते हेच. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून हे नाव पडले. त्यांच्या यहुदी धर्मशास्त्रातला एक नियम आज आम्ही आपणांपुढे मांडतो. सर्वांचा निर्मिक एक, असे म्हणणाऱ्या सत्यशोधकांनी तो पारखून पाहावा. परधर्मीयाची स्तुती करावी की करू नये, असा प्रश्न आहे.

मोशेच्या पाचव्या पुस्तकात कनान देशातील ७ राष्ट्रांविषयी 'लो तेखोन्नेम' असे दोन शब्द आहेत. सरळ अर्थ, त्यांची गय करू नका. पण ताल्मूदातील पंडितांनी त्यांतून ३ नियम काढिले: त्यांस देशात ठाव देऊ नये, फुकट देणगी देऊ नये, त्यांची वाखाणणी करू नये. एवढ्याशा तिळातून एवढे तेल! १२व्या शतकात मैमोनिदीसाने तर मूर्तिपूजकाचे शरीर सुंदर आहे असे म्हणणेही मना केले. कारण काय, तर स्तुतीने जीव जडतो आणि त्याची वाईट चाल अंगी लागते.

ही तर भटांच्या पोथीचीच बहीण, असे कोणी म्हणेल. जरा थांबा. रब्बान शिमोन बेन गमलिएल याने यरुशलेमेत मंदिराच्या टेकडीवर एक सुंदर परधर्मी स्त्री पाहिली आणि देवाची कृती किती थोर, असे उद्गार काढिले. ताल्मूद म्हणते, ही स्तुती देवाची होय, म्हणून दोष नाही. आमच्या मते ही वाट फार अरुंद. माणसाचे श्रेय माणसास द्यावयास काय हरकत? परधर्मी विद्वान दिसला तर, मर्त्य मानवास ज्ञान देणाऱ्या देवाचे आभार मानावे, असेही तेथेच सांगितले आहे. पुढे मेनाखेम मेइरी (जन्म १२४९) याने स्पष्ट लिहिले की, असले निर्बंध प्राचीन, नीतिनियम नसलेल्या मूर्तिपूजकांपुरते होते. धर्माच्या मर्यादेत वागणाऱ्या राष्ट्रांस ते लागू नाहीत. पण त्याचे बहुतेक लिखाण शतकानुशतके हस्तलिखितांतच पडून राहिले!

आणि त्याच ताल्मूदातली ही गोष्ट ऐका. आईबापांचा मान कोठवर राखावा, असे रब्बी एलिएझरास विचारिले. त्याने मोशेचे नाव घेतले नाही, कोणा रब्बीचेही घेतले नाही. अश्कलोनच्या दामा बेन नतिना या परधर्मी माणसाचे नाव घेतले. यहुदी पंडित महायाजकाच्या वस्त्रासाठी रत्ने घेण्यास त्याच्याकडे आले. नफा ६ लाखांचा. कोणी ८ लाख सांगतात. पण किल्ली निजलेल्या बापाच्या उशाखाली होती. दामाने बापास उठविले नाही, सौदा गेला. दुसऱ्या वर्षी त्याच्या गोठ्यात तांबडी कालवड जन्मली, जिची यहुद्यांस विधीसाठी गरज असे. पंडित पुन्हा दारी आले. तो म्हणाला, मागेन ते तुम्ही द्याल हे मी जाणतो. पण बापाच्या मानापायी जेवढे बुडाले, तेवढेच द्या.