ग्रंथपालाचें शिक्षण

रिठदसारख्या गांवांतील पदवीधर मुलगा आतां ग्रंथपालनाची पदवी घेऊं म्हणतो, तेव्हां वडील विचारतात, "पुस्तकें मांडावयास शिक्षण कशाला?" प्रश्न रास्त आहे. परंतु चुकीच्या फळीवर ठेवलेला ग्रंथ असून नसल्यासारखाच! म्हणूनच सयाजीराव महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेहून बोर्डन यांस बडोद्यास आणिलें. १९११ सालीं तेथें ग्रंथपालांचा वर्ग निघाला. पुढें १९३१ सालीं रंगनाथनांनीं या शास्त्राचीं पांच सूत्रें मांडिलीं. ग्रंथ नुसता जपावयाचा नसून वापरावयाचा आहे, हें त्यांचें मर्म. वर्गीकरण व तालिका हीं त्याचीं साधनें होत. खरी परीक्षा मात्र पदवीनंतरच: दारीं आलेल्या वाचकाच्या हातीं हवें तें पुस्तक वेळेवर पडलें कीं नाहीं? तेंच वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर.