खारजमिनीसाठी शेवाळ-खत घेताना



भरतीचे पाणी शिरून खारावलेल्या खाचरात भात लावणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्यांसाठी आजची ही माहिती. भाताच्या पाण्यातले नील-हरित शेवाळ हवेतला नत्र धरते आणि तो पुढे पिकाला मिळतो. म्हणून लावणीनंतर आठवड्याने, खाचरात पाणी असताना, हेक्टरी १० किलो सुके शेवाळ-खत फेकण्याची शिफारस आहे. पण गोड्या पाण्यातले शेवाळ खाऱ्या खाचरात तगेलच असे नाही. तगले नाही, तर पैसा आणि मेहनत दोन्ही वाया.

आता तुम्ही म्हणाल, हिरवा थर आला की झाले! तसे नव्हे. प्रत्येक हिरवा थर नत्र धरत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली अॅनाबिना हे शेवाळ मण्यांच्या माळेसारखे दिसते. माळेत अधूनमधून एखादा फिकट, जाड सालीचा मणी असतो. नत्र धरण्याचे काम तोच करतो. नॉस्टॉकच्याही अशाच माळा असतात, पण त्या बुळबुळीत गोळ्यात गुंतलेल्या.

मात्र नुसत्या रूपावर जाऊ नये. खाचरात युरिया पडला की हे फिकट मणी कमी होतात, कधी दिसतच नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत जनुके तपासतात. '१६ एस' या जनुकावरून शेवाळाचे कूळ कळते, 'निफ' जनुकांवरून नत्र धरण्याचा गुण कळतो. शेवटची परीक्षा मिठाची. नत्र नसलेल्या खारट पाण्यात ते वाढले, तरच ते आपल्या कामाचे. अॅनाबिना टोरुलोसा ही जात या परीक्षेला उतरलेली आहे.

तुम्ही एवढे करा :

१. खत घेताना जात कोणती आणि ती किती खारट पाण्यात वाढवून पाहिली, हे विचारा.

२. आपल्या खाचरातले शेवाळ तपासायचे असेल, तर युरिया देण्यापूर्वी नमुना घ्या. स्वच्छ बाटलीत खाचराचेच थोडे पाणी घ्या, झाकण सैल ठेवा, बाटली सावलीत ठेवा आणि लवकर कृषी विद्यापीठात नेऊन विचारा. सोबत मातीचा नमुनाही न्या.

३. शेवाळाने जमिनीतले मीठ कायमचे जात नाही. ते मरून कुजले की धरलेले मीठ पुन्हा मातीत उतरते. तेव्हा बांध आणि उघाडी आधी दुरुस्त करा, पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन काढा आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे क्षार सोसणारे भाताचे वाण लावा.

बियाणे पारखून घेता, तसेच शेवाळही पारखून घ्या.