दारू सुटल्यानंतरचे मन
(व्यसनमुक्ती विभागाच्या कुटुंबीय मेळाव्यात रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



रुग्ण घरी जाताना आमचा हिशेब विभाग बिल पूर्ण करतो आणि खाते बंद होते. व्यसनमुक्ती विभागातील रुग्णाचे खरे खाते मात्र त्या दिवशी उघडते. म्हणून घरी परतल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांविषयी दोन शब्द बोलतो.

दारू थांबल्यावर येणारा हातांचा कंप, घाम व बेचैनी बहुधा आठवडाभरात ओसरते. निद्रानाश, चिडचिड व उदासी मात्र अनेक आठवडे, क्वचित काही महिनेही रेंगाळते. मद्याला सरावलेल्या मेंदूस पूर्वपदावर येण्यास अवधी लागतो. शिवाय राग, अपमान, अपराधीपणा यांवर आजवर एकच उपाय ठाऊक असतो. तो नाहीसा होताच साऱ्या भावना एकदम वर येतात.

अशा वेळी घरात एक वाक्य उमटते : "यापेक्षा पीत होता तेव्हा बरा होता." त्रासलेल्या माणसाच्या तोंडून ते निघते, हे आम्ही जाणतो, तरीही ते गिळावे. या दिवसांतील रागावरून उपचार फसले असे समजू नये. रुग्णबंधूंनाही एक विनंती आहे. पत्नी तोंडाचा वास घेते, खिसे तपासते, याचा अपमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विश्वासाची वर्षानुवर्षांची थकबाकी महिन्याभरात फिटत नाही. ती हप्त्याहप्त्यानेच फेडावी लागते.

१९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'च्या सदस्यांमध्ये एक साधी खूण प्रचलित आहे : भूक, राग, एकटेपणा, थकवा. मन बिथरले की या चारांपैकी काय आहे, ते प्रथम पाहावे. वेळेवर जेवण आणि विश्रांती हाही उपचारच आहे. दारूची ओढ लाटेसारखी येते आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ जागेवरून उठावे, फिरून यावे, विश्वासू माणसाशी बोलावे. रात्रीचे भांडण सकाळवर ढकलावे. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, आषाढी अमावास्येची 'गटारी' यांची आखणी आधीच करावी.

पाऊल घसरलेच, तर लाजेपोटी लपवू नये. त्याच दिवशी आम्हांस कळवावे. पुन्हा रोजचे पिणे सुरू झाले असल्यास घरच्या घरी एकदम बंद करू नये. त्यातून झटके येऊन जिवावर बेतू शकते. केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती मदतवाणी निःशुल्क आहे. २०२२ साली सुरू झालेल्या 'टेलि-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासासाठी चोवीस तास सल्ला मिळतो.

पाठपुरावा तपासणीस रुग्णासोबत घरातील एका व्यक्तीने अवश्य यावे. वाट पाहण्याचा त्रास तिनेही सोसलेला असतो. तिचेही ऐकून घेणे हे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.