कुलूप डिस्कला हवं



औंधात उभं राहून कुलपांवर बोलायचं, तर आधी स्वतंत्रपूर आठवतं. १९३९ साली औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांच्या साथीने, आटपाडीजवळ कैद्यांची भिंतीविना वसाहत वसवली. कैदी तिथे शेती करत. भिंत नाही, तर भरवसा कशावर, हा प्रश्न तिथे उभा राहतो. घरच्या कॉम्प्युटरला कुलूप निवडतानाही प्रश्न तोच आहे.

माझा लॅपटॉप एकदा दुरुस्तीला गेला. पासवर्ड मी सांगितला नव्हता. तरी कारागिराने डिस्क काढून आपल्या यंत्राला जोडली आणि मुलीच्या लग्नाचे फोटो, सातबारा, बँकेचे कागद सगळं समोर आलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी हादरलो. विंडोज सुरू होताना मागते तो पासवर्ड दाराची कडी आहे, डिस्कवरचा मजकूर त्याने झाकला जात नाही. फोल्डर लपवणारी बरीच सॉफ्टवेअरंही एवढंच करतात. मजकूरच किल्लीविना वाचता येणार नाही असा बदलून ठेवणं, म्हणजे एन्क्रिप्शन, हेच खरं कुलूप.

मग कोणतं घ्यावं? ‘आमची पद्धत गुप्त आहे’ असं सांगणारं घेऊ नका. गुप्तलेखनाचे अभ्यासक ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलंय की कुलपाची रचना शत्रूच्या हाती पडली तरी चालली पाहिजे, गुप्त राहावी ती फक्त किल्ली. व्हेराक्रिप्ट हे एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा कोड कुणालाही तपासता येतो. २०१६ मध्ये बाहेरच्या तज्ज्ञांनी तो तपासला, गंभीर दोष काढले, बरेचसे दुरुस्तही झाले. दोष चारचौघांत सापडले, म्हणून माझा त्याच्यावर विश्वास बसला. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर आयतंच मिळतं, मॅकवर फाइलव्हॉल्ट; ज्यांना खटपट नको त्यांनी तेच वापरावं. यंत्र चालू आणि कुलूप उघडं असताना शिरलेल्या व्हायरसला मात्र यातलं काहीच अडवत नाही.

आता किल्ली. बिटलॉकरची रिकव्हरी की ४८ अंकी असते. ती त्याच लॅपटॉपवर साठवणं म्हणजे तिजोरीची चावी तिजोरीत ठेवून दार लोटणं. व्हेराक्रिप्टचा पासवर्ड विसरलात, तर कुणी कंपनी तो परत देणार नाही. म्हणून कागदावर लिहा, दागिने ठेवता तिथे ठेवा, आणि घरातल्या एका माणसाला सांगा. कर्ता माणूस गेल्यावर बायकोमुलांना त्याचे हिशेबच उघडता येऊ नयेत, हे मला चोरीहून भयंकर वाटतं.

तेव्हा घरी गेल्यावर आधी सगळ्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढा. ती उघडते का, ते पाहा. मग दोन्ही डिस्कना कुलूप लावा.