चष्मा गेला, डोळा तोच राहिला
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी मी स्वयंपाकघर सांभाळते आणि भाषणे दुसऱ्या भगिनी करतात. यंदा चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठे विचार मला सांगता येणार नाहीत. पण गेल्या वर्षी माझ्या घरी घडले ते सांगितले, तर एखाद्या घरच्या लेकीचा डोळा वाचेल, असे वाटले म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझ्या थोरल्या मुलीला तिसरीपासून चष्मा. नंबर वाढत वाढत दोन्ही डोळ्यांना उणे आठ झाला. मुलगी गुणाची, बी.कॉम. झालेली. पण पाहायला येणारी मंडळी पोहे खात आणि जाताना चष्म्याचे बोलत. दोन ठिकाणची बोलणी तेवढ्यावरून मोडली. मग कोणी सांगितले की, पुण्यात लेसरने नंबर काढतात. मुलीला एकविसावे सरले होते, नंबर वर्षभर एकच होता. बुबुळाची जाडी मोजून डॉक्टरांनी होकार दिला. भिशीचे पैसे आणि माझ्या दोन बांगड्या त्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडवरची पाटी तिने चष्म्याशिवाय वाचली, तेव्हा मला रडू आले. निघताना डॉक्टर म्हणाले होते, “पडदा मात्र दरवर्षी तपासून घ्या.” आम्ही मान डोलावली आणि विसरलो.

घरी येताच मी तो चष्मा फडक्यात गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी ठेवला आणि मुलीला बजावले, “सासरी यातले अक्षर काढायचे नाही.” लग्न होऊन ती दौंडला गेली.

दोन वर्षे सुखाची गेली. गेल्या वैशाखात एका रात्री तिचा फोन आला. “आई, डोळ्यासमोर काळ्या माश्या उडाल्यासारखं दिसतंय. अंधारात कडेला वीज चमकते.” मी म्हटले, “उन्हाचं असेल गं. गार पाण्याची पट्टी ठेव आणि झोप.” डोळा दुखत नव्हता, लालही नव्हता. मला काय ठाऊक, की पडदा फाटताना दुखत नाही!

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंनी तिला एका दवाखान्यात नेले. तिथला तक्ता तिने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. “पूर्वी चष्मा होता का?” असे विचारले. शेजारी सासूबाई बसलेल्या. मुलगी म्हणाली, “नाही.” थेंब घेऊन दोघी घरी आल्या. ते ‘नाही’ तिचे नव्हते, भगिनींनो, ते माझे होते.

तिसऱ्या दिवशी माश्या फार वाढल्या, तेव्हा घाबरून तिने जावईबापूंना सगळे सांगितले. त्यांनी तिला पहिल्या गाडीने पुण्याला नेले. मी शिरूरहून एस.टी.ने गेले. बाहुली मोठी करणारे औषध घालून डॉक्टरांनी आतला पडदा पाहिला. कडेला चीर होती. पडदा अजून सुटला नव्हता. त्याच दिवशी लेसरने चिरेभोवती डाग देऊन तो पक्का केला. तो लेसर वेगळा आणि नंबरचा वेगळा, हे मला तेव्हा कळले.

डॉक्टरांनी समजावले ते माझ्या भाषेत सांगते. लांबचे न दिसणाऱ्याचा डोळा लांबट वाढलेला असतो. फुगा ताणला की रबर पातळ होते, तसा मागचा पडदा पातळ होतो. नंबरचा लेसर पुढच्या बुबुळाचा आकार बदलतो. डोळ्याची लांबी आणि पडद्याचा पातळपणा आहे तसाच राहतो. डोळ्याच्या आत अंड्याच्या पांढऱ्यासारखा पदार्थ असतो. तो पुढे पातळ होऊन आक्रसतो आणि पडद्याला ओढतो. मोठ्या नंबरवाल्यांत हे लवकर घडते. चीर पडली आणि तिच्यातून पाणी शिरले, की ओल्या भिंतीचा पोपडा सुटावा तसा पडदा सुटतो. मग मोठे ऑपरेशन करावे लागते आणि नजर पूर्वीसारखी येईलच असे नाही.

आपण भाग्यवान म्हणायच्या. स्वित्झर्लंडच्या ज्यूल गोनिन या डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या आरंभी चीर बंद करण्याचा उपाय काढला. त्याआधी पडदा सुटला की डोळा गेलाच म्हणून समजत. पुढे १९४५च्या सूर्यग्रहणात उघड्या डोळ्यांनी पाहून पडदा भाजलेले रोगी जर्मनीत मायर-श्विकेराट यांनी पाहिले. ज्या उजेडाने पडदा भाजतो, त्याच उजेडाने तो चिकटवता येईल, हे त्यांना सुचले. आजच्या लेसरचे मूळ तिथे आहे.

दवाखान्याच्या बाकावर मी विहीणबाईंचे पाय धरायला वाकले. त्यांनी मला उठवले आणि म्हणाल्या, “अहो, मला सांगितलं असतं, तर चष्म्यासकट नांदवली नसती का?” यावर मी काय बोलणार?

म्हणून एवढेच मागणे. एक, ज्यांचा नंबर मोठा आहे किंवा होता, त्यांनी वर्षातून एकदा औषध घालून पडदा पाहून घ्यावा. त्या दिवशी काही तास अंधूक दिसते. सोबतीला कोणी न्यावे, गाडी चालवू नये. दोन, एखादा काळा ठिपका पुष्कळांना दिसतो. पण अचानक पुष्कळ ठिपके आले, वीज चमकली किंवा कडेने पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. पुण्यात ससून आहे, हडपसरकडे देसाई नेत्ररुग्णालय आहे. तीन, जुना नंबर कागदावर लिहून जवळ ठेवावा आणि कोणत्याही डॉक्टरांना न विचारता सांगावा. आणि चौथे आपणा सासवांसाठी आहे. मुलगी पाहायला जाल, तेव्हा तिच्या चष्म्याकडे पाहून नाक मुरडू नका. आपण नाक मुरडतो, म्हणून आया लपवतात.

तो चष्मा मी ट्रंकेतून काढून मुलीकडे दिला आहे. आता तो तिच्या सासरी, दवाखान्याच्या कागदांबरोबर असतो.